माणमधील घर : घरपट्टी स्वल्प, घर मात्र दुर्मीळ

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीला लागून असलेल्या माण गावात घर घेऊ पाहणाऱ्याला पहिल्याच भेटीत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. येथे महानगरपालिका नाही, ग्रामपंचायत आहे. त्यामुळे घरपट्टी अगदी किरकोळ. हे विधान चुकीचे नाही. पण ते ऐकून कर कमी म्हणजे घर परवडणारे, असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो फसवा ठरेल. मालमत्ता कर आणि घराची किंमत यांचे नाते वरवर दिसते तितके सरळ नसते. ते समजून घेण्यासाठी पुणे परिसरात माणसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण येथे गाव आणि महानगर एकाच शिवारात नांदत आहेत.

शिवारातून नगरीकडे

माण हे मुळशी तालुक्यातील गाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, हिंजवडी परिसरात राजीव गांधी इन्फोटेक पार्कची उभारणी सुरू केली. पहिला टप्पा हिंजवडीत झाला आणि पुढच्या टप्प्यांबरोबर पार्कची सीमा माणच्या जमिनीत सरकत गेली. तिसऱ्या टप्प्याचा मोठा भाग माणच्या शिवारातच आहे. भाताची खाचरे आणि माळराने जाऊन त्या जागी काचेच्या इमारती आल्या, त्यांच्यामागोमाग वीस-पंचवीस मजली गृहसंकुले उभी राहिली.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडची वाढही याच काळातली. महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे दहा लाख होती. २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. वाकड, ताथवडे, पुनावळे या पश्चिमेकडच्या भागात जागांचे भाव चढू लागले, तेव्हा मध्यमवर्गीय ग्राहक साहजिकच हद्दीपलीकडे पाहू लागला. हद्दीपलीकडे होते हिंजवडी, मारुंजी आणि माण.

वाढ शहरी झाली, कारभार मात्र ग्रामीण राहिला. आयटी पार्कमधील रस्ते एमआयडीसीकडे, बांधकाम परवानगी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे म्हणजे पीएमआरडीएकडे, बाहेरचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेकडे आणि घरपट्टी ग्रामपंचायतीकडे, अशी ही वाटणी आहे. प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा राज्य सरकारने २०२५ मध्ये मागे घेतला. याचा अर्थ असा, की ज्या काळात येथे सर्वाधिक घरे विकली गेली, त्या काळात उद्याचा रस्ता कोठून जाणार आणि पाण्याची टाकी कोठे होणार, याचे अंतिम चित्र ग्राहकाला उपलब्धच नव्हते.

दोन हद्दी, दोन पद्धती

महाराष्ट्रात मालमत्ता कर आकारण्याच्या प्रामुख्याने दोन पद्धती आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरपालिका करयोग्य मूल्यावर कर घेतात. घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे अपेक्षित होते, हे प्रथम ठरवायचे, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, पाणीपुरवठा व मलनिस्सारणाचे लाभ कर, शिक्षण कर अशी आकारणी करायची. यातले 'अपेक्षित भाडे' बाजारातले नसते. ते पालिकेच्या तक्त्यातले असते. शिवाय ते एकदा ठरले, की वर्षानुवर्षे हलत नाही. परिणामी एकाच रस्त्यावरच्या जुन्या इमारतीतील मालक आणि नव्या इमारतीतील मालक यांच्या करात मोठी तफावत पडते. घर तेवढेच, रस्ता तोच, कचरागाडीही तीच. पण नव्याचे बिल जास्त.

ग्रामपंचायतींची पद्धत वेगळी आहे. पूर्वी तेथे क्षेत्रफळावर कर घेतला जाई. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर आधारित आकारणी सुरू झाली. जमिनीचा आणि बांधकामाचा शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील, म्हणजे बोलीभाषेत रेडी रेकनरमधील, दर घ्यायचा, बांधकामाच्या वयानुसार घसारा वजा करायचा, वापर निवासी आहे की व्यापारी हे पाहून भारांक लावायचा आणि जे मूल्य येईल त्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे कर घ्यायचा. हा दर नियमांनी आखून दिलेल्या किमान व कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते. त्यात दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टीची भर पडते. मुंबई महापालिकेनेही २०१० पासून भांडवली मूल्याचाच मार्ग पत्करला आहे. तेथे पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करातून सूट मिळाली.

गावाची पद्धत, निदान कागदावर, शहराच्या पद्धतीपेक्षा अधिक आधुनिक आहे, ही यातली गंमत. भांडवली मूल्य रेडी रेकनरशी बांधलेले असल्याने जमिनीचे सरकारी दर वाढले की कराचा पाया वाढतो. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात रेडी रेकनरच्या दरात मुंबई वगळता सरासरी ४.३९ टक्के वाढ झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये ती ६.६९ टक्के होती. त्यापूर्वी २०२२ मध्ये याच शहरात १२.३६ टक्क्यांची वाढ झाली होती. अर्थात पाया रुंद असला तरी दर पैशांत असल्याने हाती येणारी रक्कम लहानच राहते.

हिशेब मांडून पाहू

कर किती आणि घर किती, हे आकड्यांतून पाहणे बरे. पुढील उदाहरण समजण्यासाठी घेतले आहे. प्रत्येक घराचे आकडे वेगळे असतील. समजा, एका कुटुंबाने ८० लाख रुपयांची, बांधकाम चालू असलेली सदनिका घेतली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाख रुपयांच्या दरम्यानच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे ६४ लाख रुपये कर्ज, १६ लाख स्वतःचे.

पण तेवढ्याने भागत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क बँकेने घराच्या किमतीत धरायचे नाही, असा नियम आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के पडते, महिलेच्या नावावरील खरेदीला एक टक्का सवलत मिळते. ग्रामीण भागातील दर वेगळे असतात. आपण सहा टक्के धरू. ते झाले ४ लाख ८० हजार. नोंदणी शुल्क कमाल मर्यादेप्रमाणे ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर पाच टक्के, म्हणजे ४ लाख. स्वतःचे १६ लाख धरून एकूण २५ लाख १० हजार रुपये हातात असल्याखेरीज या घराच्या चाव्या मिळत नाहीत. ज्या क्षेत्रात नवख्या अभियंत्याचे वार्षिक वेतन गेली अनेक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले आहे, त्या क्षेत्राच्या उंबरठ्यावरची ही गोष्ट आहे.

आता मासिक हप्ता. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी ६४ लाखांचा हप्ता सुमारे ५५ हजार ५०० रुपये होतो. हाती येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत हप्ता असावा, हे पथ्य पाळायचे तर कुटुंबाचे मासिक उत्पन्न सुमारे १ लाख ३९ हजार हवे. वीस वर्षांत व्याजापोटी सुमारे ६९ लाख रुपये जातात, मुद्दलापेक्षाही अधिक.

या घराचे करासाठीचे भांडवली मूल्य ४० लाख ठरले आणि ग्रामपंचायतीचा दर हजारी दीड रुपया असला, तर घरपट्टी होते वर्षाला सहा हजार. महिन्याला पाचशे रुपये. उद्या गाव महापालिकेत गेले आणि हा कर तिप्पट झाला असे मानले, तरी वाढ होते वर्षाला १२ हजारांची, महिन्याला एक हजाराची. ती हप्त्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

याउलट व्याजदर एका टक्क्याने हलला, तर याच कर्जाचा हप्ता सुमारे चार हजारांनी बदलतो. वर्षाला ४८ हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला. आणि घराची किंमत वर्षाला केवळ पाच टक्क्यांनी वाढली, तरी पुढच्या वर्षी येणाऱ्या ग्राहकाला चार लाख रुपये जास्त मोजावे लागतात. वर्षाला १२ हजारांच्या वाढीव कराचा हिशेब केला, तर हे चार लाख म्हणजे तेहतीस वर्षांचा वाढीव कर. घर परवडण्या-न परवडण्याचा निकाल जमिनीचा भाव आणि व्याज हे दोघेच लावतात. घरपट्टीचा त्यातला वाटा नगण्य आहे.

न दिसणारी घरपट्टी

मग कमी कराचा लाभ तरी होतो का? अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे लागू पडतो. वर्षाला १२ हजार रुपये कमी कर लागणारे घर त्याच सोयींच्या दुसऱ्या घराच्या तुलनेत ग्राहकाला तेवढे जास्त आकर्षक वाटते. आणि विक्रेत्याला ते ठाऊक असते. आठ टक्के परताव्याच्या हिशेबाने वर्षाकाठी १२ हजारांची बचत म्हणजे आजचे दीड लाख रुपये. कालांतराने हे दीड लाख घराच्या किमतीत मिसळून जातात. म्हणजे कमी कराचा फायदा ज्याच्याकडे आधीपासून जमीन किंवा घर आहे त्याला मिळतो. नव्याने येणारा ग्राहक तो आगाऊ किंमत देऊन विकत घेतो, तोही कर्ज काढून.

दुसरी बाब सेवांची. ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून हजारो सदनिकांना नळाचे पाणी, मैलापाण्याचे शुद्धीकरण, पावसाळी गटारे आणि कचऱ्याची विल्हेवाट पुरवणे शक्य नसते. मग हे काम गृहसंकुले स्वतः करतात. बांधकाम परवानगीच्या वेळी, स्थानिक संस्थेचे पाणी येईपर्यंत पाणीपुरवठा करण्याचे हमीपत्र विकसकाकडून घेतले जाते. सहकारी संस्था स्थापन होऊन कारभार रहिवाशांकडे आला, की टँकरचे बिल त्यांच्या माथी येते. सांडपाणी प्रकल्प चालवणे, कूपनलिका, विद्युत जनित्र, कचऱ्याचा ठेकेदार, सुरक्षारक्षक असा हा खर्च वाढत जातो. हजार चौरस फुटांच्या घराला चौरस फुटामागे महिन्याला चार रुपये देखभाल शुल्क धरले, तर वर्षाचे ४८ हजार होतात. वरील उदाहरणातील घरपट्टीच्या आठपट.

देखभालीचा सगळाच खर्च पालिका उचलते असे नाही. उद्वाहन आणि पहारा शहरातही रहिवाशांनाच पोसावा लागतो. पण पाणी, मैलापाणी आणि कचरा यांवरचा खर्च ही वस्तुतः घरपट्टीच आहे. फरक इतकाच, की तिची पावती ग्रामपंचायत देत नाही, संस्थेचा व्यवस्थापक देतो. शिवाय टँकरचे पाणी घाऊक जलवाहिनीपेक्षा कितीतरी महाग असते, म्हणून सामुदायिक सेवेऐवजी सुटी सेवा घेणाऱ्याला तेच काम अधिक दाम मोजून करून घ्यावे लागते. संकुलाच्या फाटकाबाहेरचा रस्ता तर देखभाल शुल्कातून दुरुस्त होतच नाही. २०२५ च्या पावसाळ्याच्या आरंभी आयटी पार्कमधील रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांनी सह्यांची मोहीम काढून हा परिसर पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट करण्याची मागणी केली, ती या अनुभवातूनच.

समावेशाचा धडा

हिंजवडी, माण, मारुंजी, गहुंजे, जांबे, नेरे आणि सांगवडे ही सात गावे महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव नवा नाही. पिंपरी-चिंचवड पालिकेच्या सभेने २०१५ मध्येच तसा ठराव केला होता. त्याला विरोध करणारे प्रामुख्याने कराचाच मुद्दा मांडतात. त्यांची भीती निराधार मानून चालणार नाही. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला घडलेला इतिहास त्यांच्या बाजूने बोलतो.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये इतर नऊ गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. समाविष्ट भागात पहिल्या वर्षी जुन्याच दराने आणि नंतर टप्प्याटप्प्याने वाढवत पूर्ण दराने कर घ्यावा, अशी कायद्याची तरतूद आहे. कर कायद्यातल्या पायऱ्यांप्रमाणे वेळेवर चढत गेला. पाणी, रस्ते आणि ड्रेनेज मात्र त्याच वेगाने आले नाहीत. असंतोष इतका वाढला, की ही दोन गावे पालिकेतून वगळण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगर परिषद अस्तित्वात आली. उरलेल्या समाविष्ट गावांतील कर वसुलीलाही राज्य सरकारने २०२४ मध्ये स्थगिती दिली.

पुण्याचा आणखी एक अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना १९७० पासून मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत २०१८ मध्ये रद्द झाली आणि जनक्षोभानंतर २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवरील शास्तीकराचा प्रश्न वर्षानुवर्षे निवडणुकीचा विषय बनला आणि अखेर २०२३ मध्ये तो माफ झाला. या साऱ्यातून एकच गोष्ट स्पष्ट होते. लोक कराला सरसकट विरोध करत नाहीत. कर आधी आणि सेवा नंतर, या क्रमाला विरोध करतात. आणि राज्यकर्ते तो विरोध सेवा देऊन शमवण्याऐवजी कर माफ करून शमवतात. मग सेवांसाठी पैसा उरत नाही, आणि चक्र पुन्हा पहिल्या जागी येते.

पालिकांची या कराबाबतची निकडही समजून घेतली पाहिजे. एके काळी कारखान्यांच्या जकातीवर पिंपरी-चिंचवड श्रीमंत होती. १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी उठला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर पालिकेच्या हाती सरकारी भरपाईचा हप्ता उरला. स्वतः ठरवून स्वतः गोळा करता येईल असा मोठा कर उरला तो मालमत्तेचाच. तरीही देशभरात या कराचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची अट घातली, ती याच दुबळेपणामुळे.

कर गोठवून ठेवण्याचे काय होते, हे कॅलिफोर्नियाने दाखवून दिले आहे. तेथे १९७८ मध्ये जनमताने मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकले जाईपर्यंत करासाठीचे मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही, असे ठरले. जुन्या मालकांना दिलासा मिळाला. पण शेजारी शेजारी असलेल्या सारख्याच घरांच्या करांत अनेक पटींचा फरक पडला आणि नव्याने घर घेणाऱ्या तरुणांवर भार सरकला. पुण्यातील जुन्या व नव्या करयोग्य मूल्यांतील तफावत हे त्याचेच देशी रूप आहे.

वाढलेले मोल कोणाचे?

माणच्या जमिनीचा भाव जमिनीच्या सुपीकतेमुळे वाढलेला नाही. तो एमआयडीसीने केलेल्या रस्त्यांमुळे, कंपन्यांच्या आगमनामुळे आणि माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या, २३ स्थानकांच्या मेट्रोमुळे वाढला. या मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. तिचे आगार माणमध्येच आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारीतील या प्रकल्पाला केंद्र व राज्याच्या तिजोरीतून साह्य मिळाले आहे. मेट्रोचा खांब उभा राहण्याआधीच तिचे नाव घरांच्या जाहिरातींत झळकले आणि किमतीत उतरले. म्हणजे खर्च सार्वजनिक, वाढीव मोल खासगी.

हे मोल काही अंशी समाजाकडे परत आणण्याची साधने आपल्या कायद्यात आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नगररचना योजनेची तरतूद आहे. तीत शेतकऱ्याची जमीन कायमची न घेता ती एकत्र करून रस्ते, उद्याने व सुविधांसाठी भाग राखला जातो, उरलेला विकसित भूखंड मालकाला परत मिळतो आणि वाढलेल्या मूल्यातील काही हिस्सा सुधार आकाराच्या रूपाने योजनेच्या खर्चासाठी घेतला जातो. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण येथे सुमारे अडीचशे हेक्टरवर अशी योजना हाती घेतली, हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल होते. बांधकामावरील विकास शुल्क हे दुसरे साधन. मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी त्यात वाढ करण्याची मुभा कायद्याने दिली आहे.

परंतु विकास शुल्क काय किंवा मुद्रांक शुल्क काय, हे दोन्ही एकदाच आणि व्यवहाराच्या क्षणी घेतले जातात. घर घेताना ग्राहक आधीच कर्जाने वाकलेला असतो. नेमक्या त्याच वेळी राज्य त्याच्याकडून सर्वाधिक वसुली करते. उलट ज्याने दहा सदनिका गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवल्या, त्याच्यावर दरवर्षीचा भार नाममात्र राहतो. कराची ही रचना राहणाऱ्यापेक्षा साठवणाऱ्याला अनुकूल आहे, आणि घरे महाग राहण्याचे तेही एक कारण आहे.

जे हिशेबातच नाहीत

आतापर्यंतचा हिशेब ८० लाखांच्या घराचा होता. पण आयटी पार्क चालतो तो केवळ अभियंत्यांवर नव्हे. बसचालक, पहारेकरी, उपाहारगृहांतील आचारी, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार यांचेही घर कोठेतरी असावे लागते. महिन्याला ८० हजार रुपये हाती येणारे कुटुंब वरील पथ्य पाळून सुमारे ३७ लाखांचे कर्ज फेडू शकते. म्हणजे त्याची झेप ४६ लाखांच्या घरापर्यंत. त्याच्या निम्मे उत्पन्न असलेल्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने 'परवडणारे घर' ठरण्यासाठी ४५ लाखांची मर्यादा २०१९ मध्ये ठरवण्यात आली. अशा घरावर कर एक टक्का, त्यावरील घराला पाच. त्यानंतर जमीन, सिमेंट, पोलाद, मजुरी सारे वाढत गेले. या मर्यादेखाली नवे घर बांधणे विकसकाला दिवसेंदिवस अवघड झाले.

म्हाडाच्या सोडतीत वीस टक्के सर्वसमावेशक योजनेतून या पट्ट्यातील काही घरे मिळतात. पण सोडत म्हणजे नशीब. ज्यांचे नशीब उघडत नाही, ते गावठाणालगतच्या खोल्यांत भाड्याने राहतात किंवा गुंठा-दीड गुंठा जागा नोटरीच्या कागदावर घेऊन त्यावर बांधकाम करतात. तुकडेबंदी कायद्यामुळे अशा व्यवहारांची रीतसर नोंदणी होत नसे. २०२५ मध्ये सरकारने जुने व्यवहार नियमित करण्याचा मार्ग खुला केला. तरी परवानगी, रस्ता आणि पाणी यांचे प्रश्न उरतातच.

मूळ ग्रामस्थांचीही एक बाजू आहे. जमीन विकून किंवा खोल्या बांधून ज्यांनी बस्तान बसवले ते सुखात असतील. पण गावठाणातील जुन्या घरात राहणाऱ्या, नियमित उत्पन्न नसलेल्या वृद्ध दाम्पत्याच्या जागेचे मूल्य कागदावर कोटीत गेले, म्हणून त्यांच्या हातात कर भरायला पैसा येत नाही. मूल्यावर आधारलेल्या कराची ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर उपाय केल्याशिवाय कर वाढवण्याची भाषा न्याय्य ठरणार नाही.

मार्ग कोणता?

माणचा समावेश महापालिकेत होवो, स्वतंत्र नगर परिषद होवो किंवा ग्रामपंचायतच राहो, तीन गोष्टी कोणत्याही व्यवस्थेत करता येतील. पहिली, कराची वाढ वर्षांच्या पायरीशी न बांधता सेवेच्या पायरीशी बांधावी. नळाला पाणी आले की पाणीपुरवठा लाभ कर, मैलावाहिनी जोडली की मलनिस्सारण लाभ कर. फुरसुंगीतील असंतोषाला याने बऱ्याच अंशी उत्तर मिळाले असते. दुसरी, राहत्या एका घराला आणि गावठाणातील जुन्या घरांना सवलत द्यावी, वृद्धांना कर घर हस्तांतरित होईपर्यंत लांबणीवर टाकण्याची सोय असावी. मात्र रिकाम्या ठेवलेल्या आणि गुंतवणुकीच्या घरांवर पूर्ण दर लागावा. तिसरी, येथे गोळा होणाऱ्या मुद्रांक अधिभाराचा आणि विकास शुल्काचा किती भाग येथल्याच रस्ते-पाण्यावर खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा.

घर घेणाऱ्यानेही काही प्रश्न विचारून घ्यावेत. प्रकल्पाची महारेरा नोंदणी तपासण्याची सवय २०१७ पासून रुजली आहे. तिच्या जोडीला पाणी कोठून येणार, विकसकाचे हमीपत्र संस्थेकडे कारभार आल्यावर कोणावर बंधनकारक राहणार, सांडपाणी प्रकल्प चालू आहे का, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठमध्ये सदनिकेची आकारणी झाली आहे का आणि आगामी पाच वर्षांत देखभाल शुल्क किती वाढू शकते, हेही विचारावे. हप्ता, देखभाल आणि कर ही तीनही ओझी एकत्र मांडून पाहिली, तरच घर झेपेल की नाही हे कळते. केवळ घरपट्टीचा आकडा पाहून ते कळत नाही.

कमी घरपट्टी हे माणचे वैशिष्ट्य म्हणून यापुढेही सांगितले जाईल. पण ज्या गावात घरपट्टी महिन्याला पाचशे आणि हप्ता साडेपंचावन्न हजार असू शकतो, तेथे चर्चा पाचशेची करत राहणे कोणाच्या सोयीचे आहे, याचा विचार ग्राहकांनी आणि ग्रामस्थांनी मिळून करायला हवा. दोघांचे हितसंबंध वाटतात तितके विरोधी नाहीत. जमिनीचे वाढलेले मोल रस्ते आणि नळांच्या रूपाने गावात परत यावे, ही मागणी बाराव्या मजल्यावरच्या रहिवाशाची जितकी आहे, तितकीच गावठाणातल्या माणसाचीही आहे.